प्लाझ्मिडवरून गुणसूत्रात आणि परत: लॅक-झेड काढण्याच्या कामाच्या नोंदी

काम असे: ई. कोलाय जीवाणूच्या एमजी१६५५ या वाणाच्या गुणसूत्रातले लॅक-झेड जनुक रेझिस्टन्स मार्कर (प्रतिजैविकाला दाद न देणारे जनुक) मागे न ठेवता काढायचे, आणि मग मूळ लॅक-झेड गुणसूत्रावरून प्लाझ्मिडवर (पेशीतल्या सुट्या गोल डीएनएवर) उचलून आणायचे. लॅक-झेडच का, तर रंग दिसतो: एक्स-गॅल (रंग देणारे रसायन) आणि आयपीटीजी (लॅक जनुके चालू करणारे) घातलेल्या प्लेटवर लॅक-झेड असलेली कॉलनी निळी, नसलेली पांढरी. पद्धत बसवताना न दिसणारे जनुक घेतले तर पावलोपावली पीसीआर करत बसावे लागते.

व्हेक्टर (तुकडा वाहून नेणारा प्लाझ्मिड) पीकेओ३च्या धर्तीचा, सुमारे ५.७ केबी (हजार बेस). त्यावर पीएससी१०१चा तापमान-संवेदी रेप्लिकॉन (प्रत बनवणारा भाग), क्लोरॅम्फेनिकॉल या प्रतिजैविकाला दाद न देणारे कॅट जनुक आणि साखर असली की पेशी मारणारे सॅक-बी जनुक. ३०° सेल्सिअसला प्लाझ्मिड वाढतो, ४३° ला त्याची प्रत बनत नाही. लॅक-झेड-अल्फा (लॅक-झेडचा सुरुवातीचा तुकडा) असलेला व्हेक्टर या कामाला घेऊ नये. अल्फाचा तुकडा गुणसूत्रातल्या लॅक-झेडशी जुळतो आणि प्लाझ्मिड नको त्या जागी शिरू शकतो. शिवाय निळा रंग कुठून आला हे कळत नाही.

३ फेब्रुवारी: आराखडा आणि प्रायमर

लॅक-झेड ३०७५ बेसचे, थांबा-कोडॉन धरून. सुरुवातीचे १२ कोडॉन आणि शेवटचे १५ कोडॉन ठेवले, मधले २९९४ बेस काढायचे. जोडावर २१ बेसची टॅग. २९९४ आणि २१ दोन्ही ३ ने भागले जातात, म्हणजे फ्रेम (तीन-तीन बेसचे वाचन) टिकते. हा हिशेब चुकला तर पुढच्या लॅक-वाय जनुकावर परिणाम होतो आणि नंतर दिसणारा दोष लॅक-झेडचा की लॅक-वायचा याचा घोळ होतो.

भुजा म्हणजे काढायच्या भागाच्या दोन्ही बाजूंचे, गुणसूत्राशी जुळणारे तुकडे: प्लाझ्मिड एका भुजेतल्या पुनर्संयोजनाने (सारख्या क्रमांच्या अदलाबदलीने) गुणसूत्रात शिरतो आणि दुसरीतल्याने बाहेर पडला तर बदल मागे राहतो. दोन्ही भुजा ८०० बेसच्या, ठेवलेले कोडॉन त्यात धरून. वरच्या भुजेत आधीच्या लॅक-आय जनुकाचा शेवट, आणि लॅक-झेड चालू-बंद करणारे प्रमोटर आणि ऑपरेटर येतात. याचा उपयोग परतीच्या प्रवासात होणार आहे. भुजा मुद्दाम सारख्या ठेवल्या. एक लांब आणि एक आखूड असेल तर पुनर्संयोजन लांब भुजेतच जास्त होते, शिरतानाही आणि बाहेर पडतानाही. प्लाझ्मिड ज्या बाजूने शिरला त्याच बाजूने बाहेर पडला की हाती मूळ जीवाणूच उरतो.

प्रायमर: भुजांचे चार, भुजांच्या बाहेर १०० बेसवर बसणारे दोन, काढलेल्या भागाच्या आतले दोन, व्हेक्टरवरचा एक. बाहेरचे दोन प्रायमर पैसे वाचवायला टाळू नयेत. भुजेच्या आतले प्रायमर प्लाझ्मिडवरही बसतात, त्यामुळे त्यांच्या बँडवरून गुणसूत्राबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

बाहेरच्या जोडीने अपेक्षित बँड: मूळ ४७९४, डिलीशन १८२१.

५ फेब्रुवारी: जोड-पीसीआर

दोन भुजा वेगळ्या उचलल्या, दोन्ही स्वच्छ ८०० च्या आसपास. त्या कॉलमने साफ करून जोड-पीसीआरला (दोन भुजा टॅगवर जोडून एक तुकडा करणारी पीसीआर) घातल्या. जेलवर १.६ केबी अपेक्षित होता. तो फिका आला आणि वर ४.६ केबीचा जाड बँड.

४.६ केबी म्हणजे अख्खे लॅक-झेड भुजांसकट. कॉलमने प्रायमर जातात, जीनोमिक डीएनए राहतो. जोड-पीसीआरमध्ये टोकाचे प्रायमर त्या उरलेल्या जीनोमिक डीएनएवर बसून मूळ तुकडाच वाढवतात.

६ फेब्रुवारी: जोड-पीसीआर पुन्हा

भुजा जेलमधून कापून काढल्या. दोन्ही समान मोलर प्रमाणात, प्रत्येकी सुमारे २० नॅनोग्रॅम. पहिली ८ चक्रे टोकाच्या प्रायमरशिवाय, म्हणजे दोन तुकडे टॅगवर एकमेकांना धरून पूर्ण होतात. मग प्रायमर घालून २५ चक्रे. १.६ केबीचा एकच बँड. एन्झाइम प्रूफरीडिंगवालेच हवे, कारण भुजेतली प्रत्येक चूक गुणसूत्रात जाऊन बसू शकते.

८ फेब्रुवारी: व्हेक्टर काढणे, लायगेशन

कमी प्रतींचा प्लाझ्मिड आहे. ५ मिलीच्या नेहमीच्या मिनिप्रेपमधून जेलवर जेमतेम दिसेल एवढाच डीएनए मिळाला. १०० मिली कल्चर, ३०° ला रात्रभर, क्लोरॅम्फेनिकॉल २० मायक्रोग्रॅम प्रति मिली. इल्यूशन बफर ५०° पर्यंत गरम करून फक्त ३० मायक्रोलिटर. आता कापण्यापुरता डीएनए आला.

सामायिक शेकर कोणी ३७° वर नेला तर कल्चर पातळ राहते आणि प्रेप रिकामा निघतो. शेकरवर कागद चिकटवला आहे.

नॉट-वन आणि बॅम-एचवन या डीएनए कापणाऱ्या एन्झाइमांनी कापले. दोन्ही जागा भुजांमध्ये नाहीत हे आधी क्रमात शोधून घेतले होते. नॉट-वन टोकाला अगदी कडेवर कापत नाही, म्हणून प्रायमरला जागेच्या आधी ८ जादा बेस ठेवले होते. लायगेशन (भुजा आणि व्हेक्टरची जोडणी) डीएच५-अल्फा या क्लोनिंगच्या ई. कोलाय वाणामध्ये, सगळे ३०° ला. कॉलनी दिसायला दोन रात्री लागतात.

लायगेशन थेट एमजी१६५५ मध्ये घालण्याचा मोह टाळावा. पीसीआरने बनवलेल्या तुकड्यावर मिथाइल खुणा नसतात आणि के-१२ ची (एमजी१६५५ ज्या वंशाचा त्याची) स्वतःची कात्री तो तोडते. डीएच५-अल्फा कापत नाही पण खुणा करतो. तिथून काढलेला प्लाझ्मिड एमजी१६५५ सुखाने घेतो.

१२ फेब्रुवारी: क्रम तपासला

चार क्लोनपैकी एकाच्या खालच्या भुजेत एक बेस बदललेला होता. तो फेकला. बाकी तीन बरोबर. इथे सिक्वेन्सिंग टाळून पुढे गेलो असतो तर ही चूक शेवटच्या पायरीलाच सापडली असती.

१३ फेब्रुवारी: इलेक्ट्रोपोरेशन

एमजी१६५५, ओडी (कल्चरची गढूळता) ०.५ ला बर्फात. बर्फासारख्या थंड १०% ग्लिसरॉलने तीनदा धुतले. ५० मायक्रोलिटर पेशी, १ मायक्रोलिटर प्लाझ्मिड, ०.१ सेंमीची क्युव्हेट, १.८ केव्ही. वेळ-स्थिरांक ५ मिलिसेकंदांजवळ आला तर पेशी नीट धुतल्या गेल्या असे समजावे. एका क्युव्हेटमध्ये ठिणगी पडली: त्या डीएनएचे इल्यूशन पाण्यात न करता बफरमध्ये झाले होते, मीठ जास्त.

एसओसीमध्ये (पेशी सावरण्याच्या माध्यमात) ३०° ला एक तास. मग अर्धे ३०° च्या प्लेटवर, अर्धे थेट ४३° च्या प्लेटवर.

१४–१५ फेब्रुवारी: ४३° वर धुके

३०° वर भरपूर कॉलनी. ४३° वर ठळक कॉलनी मोजक्या आणि मागे सगळीकडे बारीक धुके. धुक्यातले उचलून पुन्हा ४३° वर स्ट्रीक केले (प्लेटवर ओढून पसरले) तर काही वाढले, काही नाही.

इन्क्युबेटरचा आकडा ४३ दाखवत होता. आतल्या कप्प्यांवर पाण्याच्या बीकरमध्ये थर्मामीटर ठेवून पाहिले: मागे ४३, दाराजवळच्या खालच्या कप्प्यावर ४१ च्या खाली. एवढ्या फरकाने रेप्लिकॉन अर्धवट चालत राहतो आणि प्लाझ्मिड मोकळाच असूनही पेशी क्लोरॅम्फेनिकॉलवर तग धरते. धुक्याचे दुसरे कारण नेहमीचेच आहे. पेशीत आधीच असलेले प्लाझ्मिड आणि कॅट एन्झाइम काही पिढ्या वाटले जातात, तेवढ्या पिढ्या पेशी वाढते आणि मग थांबते. गार प्लेटवर टाकले तर ती तापेपर्यंत आणखी पिढ्या निघतात.

बदल केले: प्लेट आधी दोन तास ४३° ला तापवून घ्यायच्या, फक्त मागचे कप्पे वापरायचे, प्लेट एकावर एक रचायच्या नाहीत. ४५° वर नेऊन प्रश्न सुटत नाही, तिथे ई. कोलाय स्वतःच कुंथते.

१७ फेब्रुवारी: शिरकाव, पुन्हा

या वेळी दोन टप्पे. ३०° च्या प्लेटवरची एक कॉलनी १ मिली एलबीत (नेहमीच्या वाढीच्या माध्यमात) मिसळून, दहापट सौम्य करत, तापवलेल्या क्लोरॅम्फेनिकॉल प्लेटवर ४३° ला. तीच मालिका ३०° लाही. दोन्हींचे प्रमाण पाहणे महत्त्वाचे. ४३° वर ३०° च्या हजारात एक ते दहा हजारात एक एवढ्या कॉलनी आल्या तर शिरकाव झाला असे धरता येते. दोन्हीकडे सारख्याच आल्या तर तापमान चुकले किंवा प्लाझ्मिडमधला संवेदी बदल पुसला गेला. एकही नाही आली तर आधी पाहावे की यजमान रेक-ए (पुनर्संयोजन घडवणारे जनुक) असलेलाच आहे ना. डीएच५-अल्फात हे पुनर्संयोजन होतच नाही.

प्रमाण बसले. आठ ठळक कॉलनी ४३° वर पुन्हा स्ट्रीक केल्या. ही शुद्धीकरणाची पायरी वगळली की पुढे मोकळ्या प्लाझ्मिडच्या पेशी सोबत येतात.

१९ फेब्रुवारी: कोणत्या भुजेने शिरला

वरचा बाहेरचा प्रायमर आणि व्हेक्टरवरचा प्रायमर. प्लाझ्मिड वरच्या भुजेने शिरला असेल तर गुणसूत्रात आधी डिलीशनची प्रत येते, बँड सुमारे १.८ केबी. खालच्या भुजेने शिरला असेल तर आधी अख्खे लॅक-झेड येते, बँड सुमारे ४.८ केबी. आठपैकी सहा स्पष्ट निघाले: चार वरचे, दोन खालचे. दोनांत काहीच आले नाही, ते सोडले.

इथे बाहेरच्या दोन्ही प्रायमरची जोडी लावून फायदा नाही. मध्ये अख्खा व्हेक्टर आणि दोन प्रती मिळून सुमारे १२ केबी होतात. त्यातून कधी कधी फसवा छोटा बँडही निघतो, कारण सारख्याच दोन भुजा असल्यामुळे अर्धवट बनलेला धागा दुसऱ्या प्रतीवर जाऊन बसतो. त्या बँडवर विश्वास ठेवून आनंद मानू नये.

एक्स-गॅल आणि आयपीटीजीवर सगळे सहा निळे. बरोबरच आहे, दोन्ही रचनांमध्ये एक अख्खे लॅक-झेड प्रमोटरसकट उरते.

कोइंटिग्रेट (प्लाझ्मिड गुणसूत्रात शिरलेला जीवाणू) ३०° वर रात्रभर ठेवू नये. गुणसूत्रात बसलेला प्लाझ्मिडचा ओरिजिन (प्रत सुरू होण्याची जागा) ३०° ला जागा होतो आणि मधूनच प्रत काढू लागतो. पेशी मंद वाढते आणि जी पेशी प्लाझ्मिड बाहेर टाकते तीच पुढे जाते. पुढच्या पायरीसाठी हे हवेच आहे, पण साठवणीच्या कल्चरमध्ये नको. दोन्ही प्रकारचे कोइंटिग्रेट ४३° वर वाढवून ग्लिसरॉलमध्ये −८०° ला टाकले.

२० फेब्रुवारी: साखरेची पहिली प्लेट, फुकट

दोन्ही प्रकारच्या कोइंटिग्रेट कॉलनी एलबीत मिसळून ५% साखरेच्या प्लेटवर. शेजारी बिनसाखरेची. २२ तारखेला दोन्हीकडे जवळजवळ सारख्याच कॉलनी, म्हणजे निवड शून्य. पंचवीस उचलून तपासल्या: दोन सोडून सगळ्या क्लोरॅम्फेनिकॉलवर वाढल्या.

कारण माध्यमात. प्लेट नेहमीच्या एलबीच्या होत्या, लिटरला १० ग्रॅम मीठ. ब्लोमफिल्ड आणि सहकाऱ्यांनी १९९१ सालीच दाखवले आहे की सॅक-बीची मार मीठ नसताना आणि ३०° ला बसते. मीठवाल्या प्लेटवर सॅक-बी असूनही पेशी जगतात.

प्लेट अशा करायच्या: ट्रिप्टोन १० ग्रॅम, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट ५ ग्रॅम, अगार १५ ग्रॅम, पाणी ९०० मिलीपर्यंत. मीठ नाही. ऑटोक्लेव्ह करून ५५° पर्यंत निवल्यावर ५०% साखरेचे गाळून निर्जंतुक केलेले द्रावण १०० मिली. साखर माध्यमासोबत ऑटोक्लेव्ह केली तर थोडी मोडून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज बनते. ग्लुकोज लॅक ओपेरॉन दाबतो, म्हणून अशा प्लेटवर एक्स-गॅल घालून रंग पाहिला तर निळ्या कॉलनीही फिक्या दिसतात. म्हणून रंग साखरेच्या प्लेटवर पाहायचाच नाही.

२४–२६ फेब्रुवारी: साखर, नीट

४३° वरून ताज्या कॉलनी, चार वेगवेगळे कोइंटिग्रेट, दोन वरचे आणि दोन खालचे. रात्रभर कल्चर न करता थेट सौम्य करून टाकल्या. रात्रभर वाढवले तर पहिल्या काही तासांत सुटलेल्या एकाच पेशीची संतती प्लेटभर पसरते. मग पन्नास कॉलनी तपासल्या तरी घटना एकच.

साखरेच्या प्लेट ३०° ला ४८ तास. आता साखरेवर बिनसाखरेच्या तुलनेत कितीतरी पट कमी कॉलनी, आणि आकार एकसारखा.

प्रत्येक कोइंटिग्रेटमागे २४ कॉलनी टूथपिकने तीन प्लेटवर: क्लोरॅम्फेनिकॉल, साधी एलबी, आणि एक्स-गॅल-आयपीटीजी. हाच क्रम ठेवावा, आधी क्लोरॅम्फेनिकॉल. सगळे ३०° ला.

तीन प्रकार दिसले.

क्लोरॅम्फेनिकॉलवर वाढणाऱ्या, साखरेतून वाचलेल्या. यांच्यात प्लाझ्मिड तसाच आहे, फक्त सॅक-बी मोडले आहे. हे होणारच. १९८५ साली गे आणि सहकाऱ्यांनी सॅक-बी इन्सर्शन सीक्वेन्स पकडायचा सापळा म्हणूनच वापरले होते. उडणारे तुकडे सॅक-बीत येऊन बसतात. म्हणून साखरेवरची कॉलनी म्हणजे निकाल नव्हे, क्लोरॅम्फेनिकॉलवर मेलेली कॉलनी हा निकाल.

क्लोरॅम्फेनिकॉलवर मेलेल्या, निळ्या: प्लाझ्मिड आला तसा गेला, मूळ जीवाणू.

क्लोरॅम्फेनिकॉलवर मेलेल्या, पांढऱ्या: हव्या त्या.

तीन कोइंटिग्रेटमध्ये निळ्या-पांढऱ्यांचे प्रमाण अर्धे-अर्धेच्या आसपास. चौथ्यात सगळ्या निळ्या. त्याचा पीसीआर आधीच फिका होता. तो सोडून द्यायला फार विचार करावा लागला नाही, म्हणूनच सुरुवातीला एकाहून जास्त कोइंटिग्रेट घ्यावेत. ज्या जनुकाशिवाय जीवाणू मंद वाढतो त्याच्या बाबतीत हे प्रमाण आणखी झुकते. साखरेच्या प्लेटवर लहान कॉलनी आधी उचलाव्यात.

२८ फेब्रुवारी: पांढऱ्यांची खात्री

सहा पांढऱ्या, सोबत मूळ एमजी१६५५, शुद्ध प्लाझ्मिड आणि टेम्प्लेट नसलेली नळी. बाहेरची जोडी: पांढऱ्यांत १८२१, मूळमध्ये ४७९४, प्लाझ्मिडमध्ये काही नाही. आतली जोडी: पांढऱ्यांत काही नाही, मूळमध्ये बँड. शुद्ध प्लाझ्मिड आणि टेम्प्लेट नसलेली नळी या दोन तुलना नसत्या तर पांढऱ्यांच्या बँडला अर्थ नाही. ४.८ केबीसाठी एक्स्टेन्शनची वेळ वाढवावी लागते. आखूड वेळेत फक्त लहान बँड वाढतो आणि मिश्र कॉलनीही शुद्ध डिलीशन वाटते.

सहापैकी एकात दोन्ही बँड. पुन्हा स्ट्रीक केल्यावर निळ्या आणि पांढऱ्या कॉलनी वेगळ्या झाल्या, म्हणजे टूथपिकने दोन कॉलनी एकत्र उचलल्या गेल्या होत्या. बाकी पाचांचा जोड सिक्वेन्स केला. टॅग जागेवर, फ्रेम शाबूत. दोन वेगळ्या कोइंटिग्रेटमधून आलेले दोन ठेवले. एकात कुठे दुसरीकडे आपोआप बदल झाला असेल तर तो तुलनेत दिसतो.

३ मार्च: उलटा प्रवास

१९८९ साली हॅमिल्टन आणि सहकाऱ्यांनी पीएमएके७०५ या तशाच तापमान-संवेदी प्लाझ्मिडवर ही पद्धत मांडली तेव्हाच दोन्ही दिशा सांगितल्या होत्या: प्लाझ्मिडवरचा बदल गुणसूत्रात नेणे आणि गुणसूत्रावरचे रूप प्लाझ्मिडवर आणणे. दुसऱ्याकडे बरेच जण लक्ष देत नाहीत. गुणसूत्रात बदललेले रूप पीसीआरच्या चुका न घेता बाहेर काढायचे असेल तर हा मार्ग सोयीचा.

कोइंटिग्रेट ३०° ला, क्लोरॅम्फेनिकॉलसह, साखरेशिवाय. रोज शंभरपट सौम्य करून तीन वेळा वाढवले. आता उलट हवे: प्लाझ्मिड सुटावा पण पेशीत राहावा.

या पेशी एक्स-गॅलवर टाकून पाहिल्या तर सगळ्याच निळ्या. इथे रंगावर जाऊ नये. प्लाझ्मिड लॅक-झेड घेऊन सुटला असेल तर गुणसूत्रात डिलीशन आहे, पण निळा रंग प्लाझ्मिडमुळे आहे. डिलीशन घेऊन सुटला असेल तर गुणसूत्रामुळे निळा. दोन्हींचा रंग एकच.

६ मार्च: डीएच५-अल्फात वेगळे करणे

मिनिप्रेप करून डीएच५-अल्फात घातला. ४२° चा ४५ सेकंदांचा धक्का चालतो, पण सावरण्याचा तास ३०° ला. क्लोरॅम्फेनिकॉल, एक्स-गॅल, आयपीटीजी.

इथे रंग खरे बोलतो. डीएच५-अल्फाला स्वतःचे पूर्ण लॅक-झेड नाही. निळी कॉलनी म्हणजे प्लाझ्मिडवर अख्खे लॅक-झेड आपल्या प्रमोटरसकट आले. वरच्या भुजेत प्रमोटर धरला होता तो यासाठी. पांढरी म्हणजे डिलीशनचा जुना प्लाझ्मिड. शिवाय रेक-ए नसल्यामुळे प्लाझ्मिड इथे स्थिर राहतो. एमजी१६५५ मध्ये तो गुणसूत्राशी अदलाबदल करत राहतो, त्यामुळे एकाच पेशीत दोन्ही प्रकार असू शकतात.

पांढऱ्या जास्त, निळ्या कमी, पण पुरेशा. मोठा प्लाझ्मिड ट्रान्सफॉर्मेशनमध्ये कमी पेशींत जातो, म्हणून या प्लेटवरच्या प्रमाणावरून गुणसूत्रातल्या घटनांचे प्रमाण काढू नये.

८ मार्च: कापून पाहिले

निळ्या दोन, पांढरी एक, नॉट-वन आणि बॅम-एचवन. पांढरीत ५.७ आणि १.६ केबी. निळ्यांत ५.७ आणि ४.६ केबी. निळ्यांची दोन्ही टोके सिक्वेन्स केली, भुजा ठीक.

मूळ पेशींचीही उलटतपासणी केली. ६ मार्चच्या प्रेपसाठी वापरलेल्या कल्चरमधून कॉलनी काढून साखरेवर प्लाझ्मिड घालवला. काही पांढऱ्या झाल्या, बाहेरच्या जोडीने १८२१. लॅक-झेड प्लाझ्मिडवर गेले होते ते त्यासोबत निघून गेले.

फ्रीजर: डिलीशनचे दोन स्ट्रेन, दोन्ही बाजूंचे कोइंटिग्रेट, डीएच५-अल्फातला लॅक-झेड प्लाझ्मिड. प्लाझ्मिड असलेल्या नळीवर "३०° क्लोरॅम" आणि कोइंटिग्रेटच्या नळीवर "४३° क्लोरॅम" असे नावाच्या आधी लिहिले आहे.